मोटारीच्या सनरूफची गळती : कारणें, दुरुस्ती व बदली

शेतकऱ्याच्या दारांत आज बैलगाडीच्या जोडीला, कित्येक ठिकाणीं तर तिच्या जागीं, मोटार उभी असलेली दिसते. त्यांतील पुष्कळशा मोटारी दुसऱ्याच्या हातच्या, म्हणजे सात-आठ वर्षें वापरून झाल्यावर विकत घेतलेल्या असतात. शहरांतील मालक नवी मोटार घेतो व जुनी विकतो, आणि ती फिरत फिरत आपल्या गांवीं येते. या जुन्या मोटारींबरोबर एक नवीन वस्तु आपल्या अंगणांत आली आहे. ती म्हणजे छतांत बसविलेली सरकती कांच. तिला सर्वत्र सनरूफ असेंच म्हणतात, म्हणून प्रस्तुत लेखांत तोच शब्द वापरला आहे.

अमेरिकेंत नॅश या कंपनीनें १९३७ सालीं कारखान्यांतूनच सनरूफ बसवून मोटारी विकण्यास आरंभ केला. आपल्या देशांत मात्र तें फार काळ धनिकांच्या मोटारींतच दिसे. २०१५ सालीं महिंद्रच्या एक्सयूव्ही ५०० या मोटारीस व २०१८ सालीं ह्युंदाईच्या क्रेटा या मोटारीस तें आलें, आणि मग इतरांसही येऊं लागलें. त्या वेळीं नव्या असलेल्या मोटारी आतां जुन्या बाजारांत आल्या आहेत. त्यांच्याबरोबर एक तक्रारही आली आहे. पावसाळ्यांत छतांतून पाणी गळतें, आणि काय करावें तें मालकास समजत नाहीं. कोणी कांचेभोंवतीं सिलिकॉन भरतो, कोणी वर ताडपत्री बांधतो, तर कोणी कंटाळून मोटार मिळेल त्या किंमतीस काढून टाकतो. वास्तविक बहुतेक वेळां दोष कांचेचा नसतो, रबराचाही नसतो. तो निचऱ्याचा असतो. ही एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे पुष्कळ खर्च व मनस्ताप वांचतो. ती नीट समजावून सांगावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सनरूफची रचना

सनरूफची कांच बाटलीच्या बुचासारखी पाणबंद बसविलेली असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. कांचेच्या कडेस रबर असतें खरें, परंतु त्याचें काम पावसाचा मोठा भाग व वारा बाहेर ठेवणें एवढेंच होय. थोडें पाणी त्या रबराजवळून आंत उतरणारच, असें धरूनच कारखानदार रचना करतो. कांचेच्या खालीं चोहोंकडून एक चौकट असते व तिच्यांत पन्हळ काढलेली असते. आंत उतरलेलें पाणी त्या पन्हळींत जमतें. पन्हळीच्या कोंपऱ्यांना बहुधा चार छिद्रें असतात व त्यांना रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या पुढील कांचेच्या बाजूंच्या खांबांतून खालीं येतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ अथवा पुढच्या चाकाच्या मागें उघडतात. मागच्या दोन नळ्या मागील खांबांतून उतरून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आंतल्या बाजूस उघडतात. नेमकी जागा प्रत्येक मोटारीची निराळी असते. ती कंपनीच्या पुस्तिकेंत पाहावी अथवा जाणत्या मिस्त्रीस विचारावी.

ही रचना शेतकऱ्यास नवीन नाहीं. काळ्या जमिनीच्या शेतांत आपण बांध घालतों, तरी पाणी मुळींच येऊं नये असा आपला आग्रह नसतो. आलेल्या पाण्यास चर काढून वाट देतों व बांधाखालची मोरी मोकळी ठेवतों. मोरी बुजली तर दोष पावसाचा नव्हे, आणि बांध आणखी उंच करून भागत नाहीं. सनरूफचें रबर हा बांध समजावा, पन्हळ हा चर समजावा आणि नळी ही मोरी समजावी.

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी होतें. मोटारीचें छत दीड चौरस मीटर धरलें आणि एका दिवसांत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर छतावर ७५ लिटर पाणी पडतें. त्याचा केवळ शंभरावा हिस्सा रबराखालून पन्हळींत उतरला, तरी पाऊण लिटर पाणी झालें. नळ्या मोकळ्या असतील तर तें पाऊण लिटर केव्हां आलें व केव्हां गेलें, हें मालकास कळणारही नाहीं. एक जरी नळी बुजलेली असेल तरी तेंच पाणी पन्हळीच्या कांठावरून आंतल्या अस्तरावर उतरेल.

नळ्या बुजण्याचें कारण उघड आहे. आपल्या मोटारी झाडाखालीं उभ्या राहतात. चिंच, बाभूळ, कडुनिंब यांचीं बारीक पानें व फुलोरा, रस्त्याची धूळ, खळ्यावरचा भुसा हीं सर्व कांच उघडतांच पन्हळींत पडतात. पहिल्या पावसांत त्यांचा चिखल होऊन तो नळीच्या तोंडाशीं बसतो. ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असेंही नाहीं. अमेरिकेंत फोक्सवॅगन व ऑडी यांच्या कांहीं मोटारींच्या मालकांनीं याच बाबतींत दावा लावला होता. झाडांचा पाचोळा व पराग यांनीं निचऱ्याच्या वाटा बुजतात व पाणी आंत येतें, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या दाव्यांतील तडजोडीसंबंधीं तेथील अपील न्यायालयानें २०१२ सालीं निकाल दिला.

एक अनुभव

दुर्लक्षाचा परिणाम काय होतो हें समजावें म्हणून घरचाच एक प्रसंग सांगतों. माझ्या पुतण्यानें सनरूफ असलेली एक जुनी मोटार घेतली. ती दारापुढील चिंचेखालीं उभी राहत असे. दुसऱ्या पावसाळ्यांत पुढच्या डाव्या बैठकीच्या पायापाशीं ओल दिसूं लागली. एका मिस्त्रीनें कांचेभोंवतीं सिलिकॉन भरून दिलें व आतां थेंब येणार नाहीं असें सांगितलें. पुढें आठ-दहा दिवस उघाड होती, म्हणून थेंब आलाही नाहीं. नंतर श्रावणांत झड लागली. तिसऱ्या रात्रीं माझ्या वहिनींच्या छातींत दुखूं लागलें. त्यांना तालुक्याच्या रुग्णालयांत न्यावें म्हणून मोटार काढावयास गेलों, तों ती चालूच होईना. शेजाऱ्यांनीं आपली जीप काढली म्हणून वहिनी वेळेवर पोहोंचल्या व पुढें बऱ्या झाल्या. परंतु ती अर्धी घटका आम्हांपैकीं कोणी विसरलेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पायाखालचें जाजम उचललें, तों त्याखालचा जाड स्पंज पाण्यानें भरलेला आणि डाव्या बाजूचा फ्यूजचा डबा ओला झालेला आढळला. महसूल खात्यांत कारकुनी करतांना एक गोष्ट अंगीं मुरली होती : निकाल लिहिण्यापूर्वीं जागा डोळ्यांनीं पाहावी. या बाबतींत मिस्त्रीनें ती पाहिली नव्हती व आम्हींही पाहिली नव्हती. सिलिकॉन खरवडून कांच उघडली आणि एकेका कोंपऱ्यांत पेलाभर पाणी ओतलें. तीन कोंपऱ्यांचें पाणी चाकांपाशीं उतरलें. पुढच्या डाव्या कोंपऱ्यांत तें तसेंच तुंबून राहिलें. त्या छिद्रांतून चिंचेचीं पानें व माती यांचा बोटभर लांब बोळा निघाला. एवढ्याशा बोळ्यानें मोटार बंद पाडली होती.

पाणी सनरूफचेंच आहे काय?

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं पाणी कोठून येतें याची खात्री करून घ्यावी. मोटारींत पाणी येण्याच्या इतरही वाटा आहेत.

(१) वातानुकूलन यंत्र, ज्याला आपण एसी म्हणतों, तें चालू असतां आंत थंडाव्यानें पाणी सुटतें व तें एका नळीनें मोटारीखालीं ठिबकतें. ती नळी बुजली तर पाणी पुढच्या पायापाशीं येतें. ओल कोरड्या दिवसांतही येत असेल व एसी बंद ठेवल्यावर थांबत असेल, तर सनरूफकडे पाहण्याचें कारण नाहीं.

(२) पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं, वायपरखालीं, जाळी असते. तिच्याखालीं पाचोळा सांचला तर तेथें तुंबलेलें पाणी आंत शिरतें.

(३) दाराच्या आंतल्या बाजूस प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटविलेला असतो. तो सुटला तर दाराच्या उंबऱ्याशीं ओल येते.

(४) ओल चिकट, रंगीत व गोडसर वासाची असेल, तर तें पावसाचें पाणी नसून इंजिन थंड ठेवण्याचें द्रव होय. त्याची दुरुस्ती निराळी व निकडीची आहे.

सनरूफच्या पाण्याच्या खुणा अशा : छताच्या अस्तरावर पिवळट डाग, आंतील दिव्याशीं ओल, पुढच्या खांबाचें आवरण भिजलेलें, आणि ब्रेक मारतांना अथवा वळणावर एकदम अंगावर पडणारी धार. शेवटची खूण तर पन्हळींत पाणी तुंबल्याची बहुतेक खात्रीच देते.

पेलाभर पाण्याची परीक्षा

ही परीक्षा प्रत्येकास घरीं करतां येते. मोटार सपाट जागीं उभी करावी. कांच पूर्ण उघडून पन्हळ ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. एका माणसानें वर राहावें व दुसऱ्यानें खालीं चाकापाशीं बसावें. वरच्यानें एका कोंपऱ्याच्या छिद्राजवळ सुमारे २०० मिलिलिटर स्वच्छ पाणी बारीक धारेनें सोडावें. खालच्यानें तें कोठें व किती वेळानें उतरतें तें पाहावें. याप्रमाणें चारही कोंपरे तपासावे. फवारणीचा पंप यासाठीं वापरूं नये. त्यांत औषधाचा अंश राहिलेला असतो.

यांतून चार निकाल निघतात. धार लगेच उतरली तर नळी मोकळी आहे. थेंबथेंब उतरली तर ती अर्धी बुजली आहे. पाणी वरच तुंबून राहिलें तर ती पूर्ण बुजली आहे. चौथा निकाल सर्वांत वाईट : वरून पाणी जातें, परंतु खालीं कांहींच येत नाहीं. अशा वेळीं नळी खांबाच्या आंत निखळली किंवा फाटली आहे असें समजावें व ओतणें तत्काळ थांबवावें, कारण तें पाणी मोटारीच्या पोटांत जात असतें.

चारही नळ्या चांगल्या ठरल्या आणि तरीही गळती असेल, तर कांच बंद करून साध्या नळीनें हलकें पाणी सोडावें. प्रथम पुढच्या कांचेवर, मग दारांवर व शेवटीं छतावर, असें खालून वर जावें. प्रत्येक जागीं पांच-दहा मिनिटें थांबून आंत बसलेल्या माणसास विचारावें. आरंभीच छतावर पाणी मारलें तर तें सर्वत्र वाहतें आणि मूळ जागा कळत नाहीं.

नळी साफ करण्याची रीत

प्रथम पन्हळींतील पाचोळा व माती हातानें किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्रानें काढून घ्यावी, नाहीं तर ती आंत ढकलली जाते. नंतर गवत कापण्याच्या यंत्रास जी नायलॉनची दोरी लावतात, तिचा सुमारे २ मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा. ही दोरी लवचिक असूनही पुरेशी ताठ असते, आणि आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असतेच. तिचें टोक काडीच्या आंचेवर वितळवून गोल करावें व निवूं द्यावें. मग तें छिद्रांत घालून हळूहळू फिरवीत पुढें सारावें. अडलें तर मागें घ्यावें व पुन्हां सारावें. जोर करूं नये. वाट मोकळी झाली कीं कोमट पाणी थोडें थोडें सोडून नळी धुऊन काढावी. ठिबक सिंचनाच्या नळ्या आपण शेवटचें तोंड उघडून धुतों, तसेंच हें काम आहे.

येथें तीन गोष्टी टाळाव्या. लोखंडी तार घालूं नये. तिनें नळी फाटते. कॉम्प्रेसरची जोराची हवा सोडूं नये. नळी चौकटीच्या तोटीवर नुसती चढविलेली असते व हवेच्या धक्क्यानें ती निखळते. साधें काम बिघडून छत उतरविण्याची पाळी बहुधा यामुळेंच येते. तिसरी गोष्ट, कांहीं मोटारींत नळीच्या खालच्या टोकास ओठांसारखी रबरी झडप असते. तिच्यांत चिखल अडकतो. ती चिमटीनें दाबून धुवावी, परंतु कापून टाकूं नये. धूळ व किडे आंत शिरूं नयेत म्हणून ती ठेविलेली असते.

निखळलेल्या नळीची दुरुस्ती घरीं करूं नये. त्यासाठीं खांबाचें आवरण व छताचें अस्तर सोडवावें लागतें. पुष्कळ मोटारींत त्याच जागीं अपघाताच्या वेळीं फुगणारी एअरबॅग बसविलेली असते. तिला धक्का लागणें जिवावर बेतूं शकतें. हें काम बॅटरी सोडून, शिकलेल्या कारागिराकडूनच करवावें. नवी नळी जुनीच्याच मापाची असावी, कोठेंही मुडपूं नये, आणि तिला वरपासून खालपर्यंत अखंड उतार असावा. एवढें मात्र आपण स्वतः उभें राहून पाहावें, व अस्तर पुन्हां बसविण्यापूर्वीं पेलाभर पाण्याची परीक्षा करवून घ्यावी.

बदली केव्हां करावी?

नळ्या मोकळ्या असूनही पाणी येत असेल तरच बदलीचा विचार करावा. तोही कमी खर्चाकडून अधिक खर्चाकडे, या क्रमानें करावा.

रबर : उन्हानें रबर कडक होतें, आंखडतें व त्यास चिरा पडतात. कागदाची पट्टी कांचेच्या कडेंत ठेवून कांच बंद करावी व पट्टी ओढून पाहावी. सर्वत्र सारखी अडली तर रबर ठीक आहे. एखाद्या जागीं सहज निसटली तर तेथें तें ढिलें आहे. कांहीं मोटारींत रबर सुटें मिळतें, कांहींत तें कांचेस चिकटलेलें असून कांचेसकट घ्यावें लागतें. रबर मऊ राहावें म्हणून सिलिकॉनचा फवारा किंवा वंगण लावावें. इंजिनचें तेल, रॉकेल अथवा साधें ग्रीस लावूं नये. पेट्रोलियमच्या पदार्थांनीं तें फुगतें व खराब होतें.

कांचेची पातळी : कांच छताशीं सपाट बसलेली असावी. पुढची कड किंचित् खालीं व मागची किंचित् वर असल्यास चालते, उलट असूं नये. पातळी स्क्रूनें जुळवितां येते. नवें रबर घेण्यापूर्वीं ही जुळवणी करून पाहावी.

चौकट : पन्हळीचा कोंपरा किंवा नळी जोडण्याची तोटी तडकली, अथवा सरकण्याची पट्टी मोडली, तर संपूर्ण चौकट बदलावी लागते. हा खर्च मोठा असतो, म्हणून दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्यावे. भाग मागवितांना मोटारीचें नांव सांगणें पुरेसें नाहीं. तिचा १७ अक्षरी चॅसी क्रमांक द्यावा. एकाच नांवाच्या मोटारीचे भाग निरनिराळ्या वर्षीं निराळे असतात. मोडींतून जुना भाग घ्यावयाचा तर पन्हळीचे चारही कोंपरे पाणी ओतून तपासल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

सिलिकॉनविषयीं स्पष्ट सांगणें अवश्य आहे. कांचेभोंवतीं भरलेलें सिलिकॉन कांच हलतांच कडेनें सुटतें. शिर्क्यासारखा वास येणारें सिलिकॉन तर पत्र्यास गंजही आणतें. शिवाय सिलिकॉनचा तुकडा पडून निचऱ्याचें छिद्रच बुजण्याचा धोका असतो. मोरी बुजली असतां बांधास लिंपण करण्यासारखाच हा प्रकार होय.

आंत शिरलेलें पाणी

गळती थांबली म्हणजे काम संपलें असें नव्हे. जाजमाखालचा स्पंज वरून कोरडा दिसला तरी आंत आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. त्यानें तळाचा पत्रा गंजतो, बुरशी येते, आणि कित्येक मोटारींत तेथून जाणाऱ्या वायरींचे जोड सडतात. म्हणून बॅटरी सोडावी, पायाखालचीं जाजमें उचलावीं, जरूर तर बैठकी काढवाव्या, स्पंजांतील पाणी फडक्यानें टिपून घ्यावें, आणि दारें उघडीं ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर व उन्हांत तो पूर्ण सुकवावा. फ्यूजचा डबा किंवा वायरींचे जोड भिजले असतील तर तीं सुकेपर्यंत मोटार चालू करण्याचा प्रयत्न करूं नये. बॅटरी पुन्हां जोडल्यावर कांहीं मोटारींचें सनरूफ नीट मिटत नाहीं. त्यास आरंभस्थिति पुन्हां शिकवावी लागते. त्याची कृति पुस्तिकेंत दिलेली असते.

कायदा व विमा

जसा भाग होता तसाच नवा बसविणें ही दुरुस्ती होय. तीस अडचण नाहीं. परंतु गळतीस कंटाळून सनरूफच्या जागीं पत्रा जोडून टाकणें, अथवा ज्या मोटारीस सनरूफ नाहीं तिचें छत कापून तें बसविणें, हें निराळें प्रकरण आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ मध्यें वाहनांत फेरफार करण्यावर बंधन घातलेलें आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही, उत्पादकाच्या मूळ रचनेहून निराळें होईल असा फेरफार करतां येत नाहीं, असा निर्णय दिला. म्हणून अशा कामापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. छत कापल्यानें मोटारीची मजबुतीही कमी होते, हें वेगळेंच.

विम्याच्या बाबतींत, झिजेमुळें व वापरामुळें होणारें नुकसान सामान्य विम्यांत धरलेलें नसतें. तेव्हां रबर जीर्ण झालें अथवा नळी बुजली, म्हणून आलेल्या खर्चाची भरपाई विमा कंपनी देईल या भरंवशावर राहूं नये.

घेतांना व वापरतांना

जुनी मोटार घेतांना रंग व टायर पाहण्याआधीं पुढील गोष्टी पाहाव्या. दारें-खिडक्या बंद असलेल्या मोटारीचें दार उघडतांच कुबट वास येतो काय? छताच्या अस्तराचा एखादाच भाग नवा किंवा डागाळलेला आहे काय? जाजमाखालीं हात घातला तर ओल लागते काय? कांचेभोंवतीं सिलिकॉनचा थर आहे काय? शेवटीं विकणाऱ्याच्या परवानगीनें पेलाभर पाण्याची परीक्षा करावी. जमीन घेतांना सात-बारा पाहिल्यावरही आपण बांधावर जातोंच. तसेंच येथेंही करावें.

वापरांत वर्षांतून दोनदां पन्हळ साफ करावी व नळ्या तपासाव्या. एकदां पानगळ व फुलोरा संपल्यावर, मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे मेच्या अखेरीस. आणि दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास. मोटार होतां होईल तों झाडाखालीं उभी करूं नये. सावली हवीच असेल तर पत्र्याचा मांडव घालावा. पाऊस चालू असतां मोटार बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ती मधून मधून उघडून जाजमाखालीं हात फिरवून पाहावा. पुतण्याच्या मोटारीच्या कागदांत आम्हीं एक लहानशी वही ठेवली आहे. तींत दर परीक्षेची तारीख व चारही कोंपऱ्यांचा निकाल लिहितों. हें काम अर्ध्या तासाचें असून त्यास पैसा लागत नाहीं.

असो. पाण्यास अडवून ठेवणें कठीण आहे, त्यास वाट देणें सोपें आहे, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. जें आपण शेतांत रोज करतों तेंच मोटारीच्या छतावर करावयाचें आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं ज्यांच्या दारीं सनरूफची मोटार आहे, त्यांनीं एक पेला पाणी घेऊन चारही कोंपरे तपासावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.